जुन्या डिझेल फोर-व्हील ड्राइव्हचे टर्बो-इंटरकूलर होज बदलताना केलेल्या नोंदी

गाडी सतरा वर्षांची आहे आणि २ लाख ६० हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल असून टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) व्हेरिएबल जिऑमेट्री, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या प्रकारचा आहे आणि इंटरकूलर (दाबल्याने तापलेली हवा थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे बसवलेला आहे. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या गरम बाजूला दोन आणि इंटरकूलरपासून इनटेकपर्यंतच्या (इंजिनात हवा शिरण्याच्या वाटेपर्यंतच्या) थंड बाजूला दोन असे एकूण चार होज, म्हणजे हवेच्या लवचीक नळ्या, आहेत व प्रत्येक जोडीच्या मध्ये एक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आहे. चारही होज गाडीसोबत आलेले, म्हणजे सतरा वर्षांचेच होते. हेच काम हाती घेणाऱ्याचे माझ्याइतके शनिवार वाया जाऊ नयेत, म्हणून चुकांसकट सगळे लिहून ठेवत आहे.

दिवस १, शनिवार

तक्रार गेल्या दोन महिन्यांपासूनची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना २००० आरपीएमच्या पुढे गाडी ओढत नाही, बॉनेटखालून दाबलेली हवा सुटल्यासारखा ‘फुस्स’ आवाज येतो आणि आरशात काळा धूर दिसतो. सपाट रस्त्यावर सावकाश चालवली तर काहीच जाणवत नाही, त्यामुळे दुखणे अंगावर काढले गेले. गेल्या आठवड्यात एका लांब चढावर इंजिन लिंप मोडमध्ये (बचावासाठी ताकद आपोआप कमी करणाऱ्या अवस्थेत) गेले आणि स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कमी पडत असल्याचा कोड आला.

त्याआधी मी एअर फिल्टर बदलला होता आणि एअर-फ्लो सेन्सर साफ केला होता. त्यात दोन सुट्ट्या गेल्या आणि फरक काहीच पडला नाही. धूर काळा का येतो याचा नीट विचार केला असता, तर आधी होजकडेच वळलो असतो. सेन्सर टर्बोच्या अलीकडे हवा मोजतो आणि डिझेल किती सोडता येईल हे त्या मोजमापावर ठरते. मोजलेली हवा पुढे होजमधून बाहेर गेली, तर सिलिंडरमध्ये हवा कमी आणि डिझेल जास्त होते व न जळलेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते.

आज खालचे संरक्षक पत्रे काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले. गरम बाजूच्या खालच्या होजवर आणि त्याच्या शेजारच्या चेसिस ब्रॅकेटवर तेलात भिजलेल्या धुळीचा जाड थर आहे. वरचे होज बाहेरून धड दिसतात. हाताने दाबल्यावर मात्र थंड बाजूच्या वरच्या होजच्या वळणात केसासारख्या बारीक भेगा उघडतात आणि सोडले की मिटतात. इंजिन बंद असताना नुसते पाहून अशी भेग कधीच सापडणार नाही. होज वाकवून पाहावाच लागतो.

दिवस २, रविवार

नुसत्या डागावर विसंबून होज मागवायचे नव्हते, म्हणून दाब देऊन तपासणी केली. प्लॅस्टिक पाइपच्या टोपीला भोक पाडून त्यात टायरचा व्हॉल्व्ह बसवला, ही टोपी टर्बोच्या तोंडावरच्या होजमध्ये क्लॅम्पने आवळली आणि पायपंपाने हवा भरू लागलो.

इथे पहिली चूक झाली. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) वाफ बाहेर आणणारी ब्रीदरची नळी टर्बोच्या आधी याच वाटेत येऊन मिळते, आणि ती बंद करायचे माझ्या लक्षात आले नाही. ०.३ बारवर काटा असतानाच डिपस्टिकच्या नळीतून हवा बाहेर येऊ लागली. म्हणजे मी होजऐवजी क्रँककेसमध्ये दाब भरत होतो, आणि तो वाढवत नेला असता तर ऑइल सील बाहेर ढकलले गेले असते. लगेच हवा सोडली, ब्रीदरची नळी काढली आणि दोन्ही टोके बुचाने बंद केली. त्यानंतरही थोडी हवा इंजिनातून जातच राहते, कारण कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो. ऑइल फिलरपाशी किंवा सायलेन्सरमध्ये हलकी सळसळ ऐकू आली म्हणून घाबरू नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. ०.६ बारच्या आसपास टोपी क्लॅम्पमधून निसटली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. मी बाजूला उभा होतो म्हणून लागले नाही. टोपीच्या रेषेत चेहरा किंवा हात कधीही आणू नये. नंतर टोपीच्या बाहेरून एक पट्टा आडवा बांधला आणि दाब ०.७ बारच्या वर नेला नाही.

साबणाचे पाणी ब्रशने लावल्यावर दोन ठिकाणे स्पष्ट झाली. गरम बाजूच्या खालच्या होजला ब्रॅकेटच्या बाजूने फेसाचा मोठा गोळा आला, आणि थंड बाजूच्या वरच्या होजच्या वळणावर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची ओळ उमटली. यातली थंड बाजूची जागा इंजिन बंद असताना हाताला कोरडी लागते. एवढ्या तपासणीला साधने बनवण्यासह तीन तास लागले. दोन महिन्यांपूर्वी हीच पहिली पायरी असायला हवी होती.

दिवस ८, शनिवार

होज काढले. दोन तासांत होईल असे धरले होते, प्रत्यक्षात साडेसहा तास लागले.

जुन्या क्लॅम्पचे स्क्रू गंजलेले होते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यामुळे आठपैकी पाच सुटले. एकाची खाच गोल झाली, आणि उरलेले दोन हॅक-सॉच्या पात्याने कापावे लागले. ग्राइंडर मुद्दामच वापरला नाही, कारण खाली सगळीकडे तेल होते आणि ठिणगी नको होती. खालच्या पत्र्याचा एक बोल्ट तुटला; तो ड्रिल करून काढायला आणि नवे आटे पाडायला सव्वा तास गेला. हे काम होजचे नव्हे, पण सतरा वर्षांच्या गाडीखाली शिरणाऱ्याने त्यासाठीही वेळ हाताशी ठेवावा.

होज पाइपवर चिकटून बसलेले असतात. सरळ ओढले तर पाइप वाकतो किंवा इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला तडा जातो. आधी होज पाइपभोवती फिरवून सैल करावा आणि फिरला नाही तर लांबीने चिरून सोलून काढावा. मी चिरला, पण सुरीचे टोक जास्त आत गेले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपवर टोकापासून आतपर्यंत एक ओरखडा उमटला. लांबीच्या दिशेचा ओरखडा वाईट, कारण हवेला आतून बाहेर येण्याची तीच वाट होते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पाइपभोवती गोल दिशेने घासत राहिलो, नखाला ओरखडा लागेनासा झाल्यावरच थांबलो. चाळीस मिनिटे गेली. सुरी वापरायचीच असेल तर धार होजच्या फक्त बाहेरच्या थरापर्यंत न्यावी आणि आतला थर हाताने फाडावा.

गरम बाजूचा खालचा होज टेबलावर उघडून पाहिला. बाहेरचे रबर टणक झालेले आहे, वाकवले की कडेने पापुद्रे निघतात. आतला थर मात्र नेमका उलट, तेल पिऊन फुगलेला आणि बोटाने दाबला तर खळगा तसाच राहील इतका मऊ झाला आहे. दोन्हींच्या मधले विणलेले कापड चार ठिकाणी रबरापासून सुटले आहे. ब्रॅकेटला घासणाऱ्या जागी बाहेरचे रबर पूर्ण झिजून कापडाचे धागे उघडे पडले आहेत, आणि त्या धाग्यांच्या मधोमध करंगळीचे नख जाईल एवढे भोक आहे. त्याच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत, यावरून हे एका दिवसात झालेले नाही हे उघड आहे. होज ब्रॅकेटपासून मोकळा असायला हवा होता. तो त्याला घासत का होता, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे.

इंटरकूलर काढून उभा धरल्यावर त्यातून साधारण ८० मिलिलिटर तेल निघाले. ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेमुळे होजच्या आत तेलाचा पातळ थर असणे नेहमीचेच आहे, त्यावरून टर्बो गेला असे ठरवू नये. पण तळाशी तेल साचू देणे धोक्याचे आहे, कारण मोठ्या ॲक्सिलरेशनच्या वेळी ते एकदम इंजिनात ओढले गेले तर डिझेल इंजिन त्या तेलावरच धावू लागते आणि किल्ली फिरवूनही बंद होत नाही. इंटरकूलर आतून डीग्रीजरने दोनदा धुतला, पाण्याने खळखळून घेतला आणि वाळायला उभा ठेवला.

टर्बोचे तोंड उघडे होतेच, म्हणून शाफ्टही तपासला. आडवा किंचित हलतो, जे चालते; आत-बाहेर अजिबात हलत नाही आणि पात्यांच्या कडा शाबूत आहेत. त्यानंतर सगळी तोंडे स्वच्छ फडक्यांनी बंद केली. किती फडकी घातली तो आकडा बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवला: सहा.

दिवस ९, रविवार

मापे घेऊन होज मागवले. पाइपचे माप व्हर्नियरने घेतले, पण जबडे पाइपच्या टोकाच्या उंचवट्यावर टेकवले आणि ६० मिलिमीटर असे लिहिले. माप उंचवट्याच्या मागे, पाइपच्या सरळ भागावर घ्यायचे असते आणि तिथे ते ५७ मिलिमीटर आहे. ही चूक पार्सल उघडल्यावर कळली. ६० चा होज ५७ च्या पाइपवर सहज सरकतो, आणि क्लॅम्प आवळला की जादा रबराची एका जागी घडी पडते. त्या घडीतून हवा सुटणारच. होज परत पाठवले, आठवडा गेला आणि परतीचा खर्च अंगावर पडला.

दिवस १५, शनिवार

५७ मिलिमीटरचे सिलिकॉनचे होज आले. कूलंटच्या नळीचे रबर इथे चालत नाही, ते तेलात फुगते, हे मला माहीत होते. साध्या सिलिकॉनमधूनही तेल झिरपते हे मात्र माहीत नव्हते. होजच्या वर्णनात आतल्या अस्तराचा उल्लेख नव्हता, आणि मीही विचारले नाही.

बसवण्यापूर्वी पाइपची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतली. पांढरी बुरशीसारखी दिसणारी अ‍ॅल्युमिनियमची गंज पॉलिश पेपरने काढली. होज चढवताना ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण ते तिथेच राहते आणि दाबाखाली होज त्यावरून घसरतो. अल्कोहोल ओले असेपर्यंत होज सरकतो आणि उडून गेल्यावर पकड घेतो. क्लॅम्प उंचवट्याच्या मागे यायला हवा. उंचवट्यावरच आवळला तर आवळताना घट्ट वाटतो आणि दोन दिवसांत सरकतो.

टी-बोल्टचे (सपाट पट्टी बोल्ट-नटने आवळणारे) सहा क्लॅम्प हाताशी होते आणि आठ लागणार होते, म्हणून दोन ठिकाणी जुन्या पद्धतीचे खाचांच्या पट्टीचे क्लॅम्प लावले. त्यांच्या खाचांत मऊ सिलिकॉन शिरते आणि आवळताना कापले जाते. एका ठिकाणी ते कापलेले डोळ्यांनी दिसले, तरी आता संध्याकाळ झाली म्हणून तसेच ठेवले. ते ठेवायला नको होते.

फडकी मोजून सहा बाहेर काढली आणि मगच किल्ली फिरवली. गाडी चालवून पाहिली तेव्हा फरक पहिल्याच चढावर कळला: आवाज नाही, धूर नाही आणि तिसरा गिअर वरपर्यंत टिकला. काम संपले असे त्या दिवशी मनापासून वाटले.

दिवस २२, शनिवार

सर्व क्लॅम्प थंड इंजिनावर पुन्हा आवळले. नवा होज दोन-चार वेळा तापून थंड झाला की थोडा दबतो, म्हणून ही फेरी टाळू नये. प्रत्येक नट पाव ते अर्धा फेरा फिरला.

दिवस ३६, शनिवार

दोन गोष्टी एकाच दिवशी समोर आल्या.

सकाळी खाली पाहिले तर गरम बाजूचे दोन्ही होज बाहेरून चिकट झाले होते आणि त्यावर धूळ बसली होती. कुठेही भोक नाही, जोड कोरडे, तरी होजच्या पूर्ण अंगावर घामासारखे तेल आले होते. हे सिलिकॉनमधून झिरपलेले तेल. खालचा होज हाताला पूर्वीपेक्षा मऊ लागला. तेलाचा थर असणाऱ्या टर्बोच्या वाटेवर आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेलाच होज हवा.

दुपारी चढावर मोठा धडाका झाला, ताकद एकदम गेली आणि मागे काळ्या धुराचा लोट उठला. गरम बाजूचा खालचा होज पाइपवरून पूर्ण निसटला होता, आणि तोही चांगला टी-बोल्ट असलेल्या टोकाकडून. रस्त्याच्या कडेला होज परत चढवायला पन्नास मिनिटे लागली आणि पुढचा प्रवास अगदी हलक्या पायाने केला.

चांगला आवळलेला होज निसटतो म्हणजे कोणीतरी त्याला ओढते आहे. घरी आल्यावर भावाला आत बसवले. ब्रेक घट्ट धरून, गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून त्याने क्लच क्षणभर किंचित सोडला, आणि मी बाजूला लांब उभा राहून इंजिनाकडे पाहिले. (गाडीसमोर कोणीही उभे राहू नये.) इंजिन एका बाजूने दोन बोटे वर उचलले गेले आणि दाणकन खाली बसले. टर्बोकडच्या बाजूच्या माउंटिंगचे (इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे) रबर धातूपासून सुटले होते. प्रत्येक वेळी जोर लागला की इंजिन झुकत होते, होज ओढला जात होता आणि खाली ब्रॅकेटला घासत होता. जुन्या होजला भोक पडायचे कारण वय हे अर्धेच होते.

दिवस ४३ आणि ४४, शनिवार-रविवार

माउंटिंग बदलले. इंजिन जॅकवर घेताना ऑइल पॅनखाली लाकडाची जाड फळी ठेवली, नाहीतर पॅन चेपते. जुने माउंटिंग हातात घेतल्यावर रबर आणि धातूची पट्टी वेगवेगळी झाली. नव्यामुळे इंजिन जवळजवळ १५ मिलिमीटर वर आले आणि होज व ब्रॅकेट यांच्यामध्ये पहिल्यांदाच बोट शिरेल एवढी जागा दिसली.

गरम बाजूला फ्लोरोसिलिकॉनच्या अस्तराचे होज घातले. थंड बाजूला मूळ प्रकारचे रबरी होज मागवून बसवले. ते सिलिकॉनपेक्षा महाग पडले, पण वळणाचा आकार तंतोतंत असल्यामुळे बसवायला प्रत्येकी दहा मिनिटेही लागली नाहीत. आठही क्लॅम्प टी-बोल्टचे लावले, आणि नटाची बाजू फॅनच्या आवरणापासून व ब्रॅकेटपासून दूर राहील अशी फिरवून घेतली. ब्रीदरचा तेल वेगळे करणारा भाग काजळी-तेलाच्या चिखलाने अर्धा भरला होता, तो साफ केला. इनटेकवरच्या प्रेशर सेन्सरचे टोकही त्याच चिखलात बुडालेले होते. ते सेन्सर-क्लीनरने धुतले.

मग दाबाची तपासणी पुन्हा, या वेळी ब्रीदर आधी बंद करून आणि टोपीवर पट्टा बांधून. कुठेही बुडबुडा नाही.

स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी नोंदवले. २५०० आरपीएमला पूर्ण जोरावर दुरुस्तीपूर्वी मागणी २.१ बार आणि प्रत्यक्षात १.५ बार होता. आता मागणी २.१ आणि प्रत्यक्षात २.०५ आहे. हे आकडे निरपेक्ष दाबाचे आहेत, म्हणजे त्यातला साधारण १ बार बाहेरच्या हवेचाच आहे. सुरुवातीला मी १.५ पाहून टर्बो दीड बार देतो आहे असे समजलो होतो. प्रत्यक्षात तो जेमतेम अर्धा बार देत होता.

प्रत्येक जोडावर होज आणि पाइप यांच्यावरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढून ठेवली.

दिवस ९९, शनिवार

३१०० किलोमीटर झाले. खालचे पत्रे काढले. होज बाहेरून कोरडे आहेत आणि ब्रॅकेटवर घासल्याची खूण नाही. आठपैकी सात जोडांवरची पांढरी रेघ जशीच्या तशी जुळते. थंड बाजूच्या वरच्या टोकाला ती दोन मिलिमीटर सरकली आहे. क्लॅम्प पाव फेरा आवळला आणि त्याच जागी तांबड्या रंगाने नवी रेघ ओढली. पुढच्या ऑइल बदलीला तिथेच आधी पाहीन.